मेंदूची अरुंद धमनी आणि धडगावची वाट

हृदयाच्या धमनीत अडथळा आला की फुगा घालतात, स्टेंट बसवतात, नाहीतर बायपास करतात, हे आता पाड्यापाड्यांवर ठाऊक झालं आहे. कुणाचा तरी मामा सुरतेला जाऊन स्टेंट बसवून आलेला असतो. त्यामुळे लकवा झालेल्या माणसाच्या अहवालात ‘मेंदूची धमनी ऐंशी टक्के अरुंद’ असं लिहून आलं, की घरच्यांच्या तोंडून पहिला प्रश्न स्टेंटचाच निघतो. बैल विकू, चांदी विकू, पण नस मोकळी करा. प्रश्न रास्त आहे. जगातल्या मोठमोठ्या मेंदूतज्ज्ञांनी गेली अनेक दशकं हाच प्रश्न विचारला. त्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं ते धरून चालले, आणि रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्यावर ते उत्तर बदलावं लागलं. या पुस्तकाची पुढची प्रकरणं त्या चाचण्यांची आहेत. त्या कुठल्या शहरांत झाल्या हे तिथे कळेलच. त्यांची उत्तरं धडगावला पोचल्यावर त्यांचं काय होतं, हे मला इथे मांडायचं आहे.

धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचं मुख्य ठिकाण. सातपुड्याच्या कुशीतला हा तालुका. उत्तरेला नर्मदा, पलीकडे मध्य प्रदेश, आणि वस्ती जवळजवळ सगळी भिल्ल आणि पावरा समाजाची, डोंगरउतारांवर विखुरलेल्या पाड्यांत. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालय मात्र नंदुरबारला, घाट उतरून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. चांदसैली घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात. कित्येक पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणावं लागतं, आणि नर्मदाकाठच्या गावांसाठी बोटीवरचा तरंगता दवाखाना चालवावा लागला आहे.

मेंदूला रक्त पुरवणारी धमनी बंद पडली तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. धमनीत तार घालून गुठळी ओढून काढण्याची सोय मोठ्या शहरांत आहे, आणि निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंत करता येते. चेहरा वाकडा झाला, हात गळाला, बोबडी वळली की बडव्या-भगताकडे न थांबता १०८ला फोन करायचा, हे सांगत राहायलाच हवं. पण खरं बोलायचं तर अक्राणीतल्या बहुतेकांचे ते साडेचार तास झोळीत आणि घाटात संपतात. हा अन्याय आहे आणि तो रस्ते, रुग्णवाहिका आणि जवळचं सीटी स्कॅन यांनीच दूर होईल. या पुस्तकाचा विषय त्यानंतर सुरू होतो. माणूस वाचला, घरी आला, काठी धरून उभा राहिला. ज्या धमनीमुळे झटका आला ती अजून अरुंदच आहे. दुसरा झटका येऊ नये म्हणून काय करायचं? इथे तासांची घाई उरत नाही, महिन्यांचा हिशेब सुरू होतो, आणि म्हणूनच इथे धडगावचा रुग्ण मुंबईच्या रुग्णाच्या बरोबरीला येऊ शकतो असं मला मनापासून वाटतं.

आधी ही धमनी कशी असते ते पाहू. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण शरीर वापरतं त्यातला सुमारे वीस टक्के प्राणवायू तो एकटा घेतो. त्याच्या मधल्या भागाला रक्त देणारी मुख्य धमनी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. तिची भिंत हृदयाच्या धमनीपेक्षा पातळ, बाहेरून आधार देणारं लवचीक आवरण जवळपास नाहीच. शिवाय तिच्या अंगातून केसासारख्या बारीक शाखा थेट मेंदूच्या खोल भागात शिरतात. हातापायांच्या हालचालीचे मार्ग त्याच भागातून जातात. वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब, साखर, तंबाखू आणि चरबी यांनी या धमनीच्या आतल्या बाजूला थर साचतो. त्या थरावर गुठळी धरते आणि सुटून पुढे जाते, किंवा थर एखाद्या बारीक शाखेचं तोंडच बंद करतो, किंवा रक्तदाब उतरला की अरुंद जागेपलीकडे रक्त पुरेसं पोचत नाही. लकव्याची ही तीन वेगळी कारणं झाली. नस मोकळी करून यातलं प्रत्येक कारण सारखंच दूर होत नाही. जगभरात मेंदूच्या आतल्या धमन्यांची ही अरुंदी आशियाई लोकांत गोऱ्या लोकांपेक्षा बरीच अधिक आढळते. त्यामुळे हा आपला प्रश्न आहे, परदेशातून आलेला नव्हे.

पहिली आशा बायपासची होती. १९६७ मध्ये झुरिकला याशारगिल यांनी कवटीबाहेरची धमनी मेंदूवरच्या धमनीला जोडून दाखवली आणि पुढची काही वर्षं ही शस्त्रक्रिया जगभर होत राहिली. १९८५ मध्ये १३७७ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. जोडलेल्या धमन्या बहुतेकांत छान वाहत होत्या, तरी लकवा टळला नव्हता. शस्त्रक्रिया यशस्वी आणि रुग्णाला फायदा नाही, असं होऊ शकतं हे मान्य करणं सर्जनना फार जड गेलं.

मग रक्त पातळ करणाऱ्या औषधांची तुलना झाली. वॉरफरिन हे जास्त जोरकस औषध, म्हणून तेच चांगलं असणार, असा समज होता. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५६९ रुग्णांच्या चाचणीत वॉरफरिनने ॲस्पिरिनपेक्षा लकवा कमी केला नाही, उलट रक्तस्राव आणि मृत्यू वाढले, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. वॉरफरिन घेणाऱ्याच्या रक्ताची तपासणी वारंवार करावी लागते. धडगावच्या दृष्टीने हा निकाल मोठ्या दिलाशाचा होता, जरी तो देताना अक्राणीचा विचार कुणाच्या मनात नसणार.

आता मुख्य चाचणी, जिच्यावर मी थोडा वेळ थांबणार आहे. २०११ मध्ये अमेरिकेत ‘सॅम्प्रिस’ या चाचणीचा निकाल आला. धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद, आणि गेल्या तीस दिवसांत लकवा किंवा त्याची चाहूल देणारा छोटा झटका येऊन गेलेला, असे रुग्ण. अर्ध्यांना स्टेंट अधिक औषधं, अर्ध्यांना नुसती औषधं. ७६४ रुग्ण घ्यायचे ठरले होते, पण ४५१ झाल्यावर एप्रिल २०११ मध्ये भरती बंद करावी लागली, कारण स्टेंटच्या गटात पहिल्या तीस दिवसांतच १४.७ टक्के लोकांना लकवा झाला किंवा मृत्यू आला. औषधांच्या गटात हे प्रमाण ५.८ टक्के होतं. वर्षअखेर आकडे २० आणि १२.२ असे राहिले. पुढे तीन वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला, तरी स्टेंटने सुरुवातीला केलेलं नुकसान भरून निघालं नाही. स्टेंट उघडताना थर दाबला जाऊन बारीक शाखांची तोंडं बंद होतात, तारेने पातळ भिंत फाटते, अचानक वाढलेल्या रक्तप्रवाहाने रक्तस्राव होतो. वर धमनीची रचना सांगितली ती यासाठीच. २०१५ मध्ये वेगळ्या प्रकारच्या स्टेंटची छोटी चाचणी झाली, तिचा निकाल आणखी वाईट होता.

पण सॅम्प्रिसमधली ‘नुसती औषधं’ म्हणजे काय, हे फार थोडे लोक नीट वाचतात. आपल्याकडे नातेवाईक म्हणतात, ‘डॉक्टरांनी काही केलं नाही, गोळ्यांवर ठेवलं.’ त्या चाचणीत गोळ्यांवर ठेवणं हे भरगच्च काम होतं. ॲस्पिरिन रोज, जोडीला नव्वद दिवस क्लोपिडोग्रेल, वरचा रक्तदाब १४०च्या खाली, घातक कोलेस्टेरॉल ७०च्या खाली. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या औषधांची सोय चाचणीनेच केली होती. शिवाय तंबाखू सोडणं, वजन, चालणं यासाठी एक माणूस रुग्णाच्या मागे लागलेला, ठरावीक दिवसांनी फोन करून विचारणारा. आधीच्या २००५ च्या चाचणीतल्या अशाच रुग्णांना वर्षभरात झटका येण्याचं प्रमाण सुमारे २५ टक्के होतं. इथे ते निम्म्यावर आलं. त्या आकड्यांचा पुढे अभ्यास झाला तेव्हा नियमित अंगमेहनत करणाऱ्यांचा निकाल विशेष चांगला दिसला. म्हणजे जिंकली ती एकटी गोळी नव्हे. गोळी, रक्तदाबाचा पट्टा आणि विचारपूस करणारा माणूस, असे तिघे मिळून जिंकले.

ही गोष्ट मला धडगावसाठी सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्टेंटसाठी कॅथलॅब लागते, तिथला डॉक्टर वर्षाला पुष्कळ रुग्ण करणारा लागतो, ते सातपुड्यात होणार नाही. पण जे उपचार चाचणीत सरस ठरले त्यांतली एकही वस्तू घाटाला अडत नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटॉर्व्हास्टॅटिन, ॲम्लोडिपिन ही स्वस्त, आपल्या देशात बनणारी औषधं आहेत. रक्तदाबाचं यंत्र उपकेंद्रात आहे. विचारपूस करणारी आशाताई त्याच पाड्यावर राहते आणि तिला पावरी किंवा भिली बोलता येते, जे नंदुरबारच्या तज्ज्ञाला येईलच असं नाही.

यावर कुणी म्हणेल, मग मोबाइलवर संदेश पाठवले की झालं. तसं नाही, आणि हे आपल्याच देशात तपासून झालं आहे. ‘स्प्रिंट इंडिया’ या चाचणीत ३१ केंद्रांवर लकव्यातून उठलेल्या चार हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना बारा भारतीय भाषांतली पुस्तिका, चित्रफिती आणि मोबाइल संदेश देण्यात आले. २०२३ मध्ये निकाल आला: वर्षभरात नव्या झटक्यांचं प्रमाण संदेश मिळालेल्या गटात ५.५ टक्के, न मिळालेल्या गटात ४.९, म्हणजे फरक नाहीच. याउलट बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका यांच्या ग्रामीण भागातली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे आरोग्यसेविका घरी जाऊन रक्तदाब मोजत, औषधाविषयी बोलत, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवत. त्यांच्या गावांत वरचा रक्तदाब इतर गावांपेक्षा सरासरी पाच अंकांनी अधिक उतरला. ही चाचणी लकव्याच्या रुग्णांची नव्हती, रक्तदाबाच्या रुग्णांची होती, हे लक्षात ठेवून मी तिचा दाखला देतो आहे. तरी संदेश आणि भेट यांतला फरक तिच्यातून दिसतो. अक्राणीत तर दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला आणि बांधकामाला गुजरातेत जातात. पंधरा दिवसांच्या गोळ्या हातात देऊन त्यांना पाठवणं म्हणजे उपचार बंद करणंच आहे. जाण्याआधी तीन-चार महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला हव्यात. त्यासाठी नव्या शोधाची गरज नाही, साठ्याच्या नोंदवहीत तशी सोय करण्याची गरज आहे.

स्टेंटची गोष्ट मात्र तिथे संपली नाही, आणि ती संपली असं सांगणं वाचकाला फसवणं होईल. चीनमध्ये अनुभवी हातांनी, झटक्यानंतर तीन आठवडे उलटून गेलेल्या रुग्णांवर स्टेंटची पुन्हा चाचणी झाली. २०२२ च्या निकालात लकवा किंवा मृत्यूचं प्रमाण स्टेंटच्या गटात ८ टक्के, औषधांच्या गटात ७.२ टक्के: या वेळी नुकसान झालं नाही, पण फायदाही झाला नाही. मग २०२४ मध्ये चीनमधूनच फुग्याच्या चाचणीचा निकाल आला. यात स्टेंट न बसवता, धमनीच्या मूळ रुंदीपेक्षा लहान फुगा अगदी हळू फुगवायचा. ५०१ रुग्णांत फुग्याच्या गटात वाईट परिणामांचं प्रमाण ४.४ टक्के, औषधांच्या गटात १३.५. पहिल्यांदाच एखाद्या तारेच्या उपचाराने औषधांना मागे टाकलं. पण त्याच चाचणीत फुग्यानंतर सुमारे सातातल्या एका रुग्णात धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली होती. माझं मत असं: चांगली औषधं घेऊनही, रक्तदाब काबूत असूनही ज्याला पुन्हा झटका येतो, त्याच्यासाठी फुग्याचा विचार करावा, आणि तो मोठ्या अनुभवाच्या केंद्रातच व्हावा. ज्याचा रक्तदाब कधी मोजलाच गेला नाही, ज्याला कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन मिळालंच नाही, त्याला औषध ‘लागू पडलं नाही’ म्हणून तारेकडे पाठवणं मला पटत नाही. त्याला औषध अजून मिळायचंच आहे.

आता अक्राणीचा असा एक प्रश्न, जो यातल्या बहुतेक चाचण्यांनी विचारलाच नाही: ही अरुंदी कशाची? चरबीच्या थराची, की सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची? डॉ. सुदाम काटे आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्रातल्या ज्या जमातींत सिकलसेलच्या वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्के असल्याचं मांडलं, त्यांत भिल्ल आणि पावरा दोन्ही आहेत. वाहकाने घाबरायचं कारण नाही, त्याला सहसा हा त्रास होत नाही. पण आई आणि वडील दोघांकडून दोष आलेल्या मुलात विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी मेंदूच्या मोठ्या धमनीची भिंत वारंवार दुखावतात, तिथे आतून जाड थर वाढतो आणि शाळकरी वयातच लकवा होऊ शकतो. भारतातल्या सिकलसेल रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, म्हणून आफ्रिकी वंशाच्या मुलांपेक्षा आपल्याकडे हे कमी घडतं. कमी घडतं, पण घडतं.

आणि इथे उपचाराची सगळी मांडणीच बदलते. या मुलाला क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन देऊन घरी पाठवलं तर मूळ आजाराला हातच लागला नाही असं होईल. १९९८ च्या अमेरिकी चाचणीत डोक्याच्या साध्या डॉपलर तपासणीत रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर गेलेल्या १३० मुलांपैकी निम्म्यांना नियमित रक्त दिलं. रक्त न मिळालेल्यांत अकरा जणांना लकवा झाला, मिळालेल्यांत एकाला. एकदा झटका येऊन गेलेल्या मुलांत हायड्रॉक्सियुरिया हे औषध रक्त देण्याची जागा घेऊ शकतं का, हे २०१२ च्या चाचणीने पाहिलं. रक्ताच्या गटात एकही नवा झटका नाही, हायड्रॉक्सियुरियाच्या गटात सात. म्हणजे झटका आल्यानंतर रक्तच सरस. झटका येण्याआधी मात्र, वर्षभर रक्त देऊन झाल्यावर, धमन्या फारशा बिघडलेल्या नसतील तर हायड्रॉक्सियुरियावर सुरक्षितपणे आणता येतं, हे २०१६ मध्ये दिसलं.

पण दर तीन-चार आठवड्यांनी जुळणारं रक्त मिळवायचं, त्यासाठी आईने मजुरी बुडवून मुलाला घाट उतरवून न्यायचं, आणि त्या रक्तातून साचणारं लोह काढायला पुन्हा वेगळं औषध, हे वर्षानुवर्षं कोणतं कुटुंब करू शकेल? उत्तर नायजेरियात हाच पेच होता. तिथल्या डॉक्टरांनी धोक्यातल्या २२० मुलांत हायड्रॉक्सियुरियाच्या कमी आणि मध्यम मात्रांची तुलना केली. २०२२ च्या निकालात दोन्ही गटांत झटके थोडेच होते आणि त्यांत ठळक फरक नव्हता. आपल्याला परवडेल आणि मिळेल अशा दोन गोष्टींची तुलना करण्याचं धैर्य त्यांनी दाखवलं. अक्राणीने अमेरिकेपेक्षा उत्तर नायजेरियाकडे अधिक लक्ष द्यावं असं मला वाटतं. १ जुलै २०२३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आहे. तपासणीत रुग्ण ठरलेल्या प्रत्येक मुलाची डॉपलर तपासणी व्हावी. तिला सुई नाही, भूल नाही, यंत्र गाडीतून नेता येतं.

लकवा हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार, हा समजही इथेच सोडायला हवा. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या २०११ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंची कारणं शोधली. १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झालेले होते. इतर कुठल्याही एका कारणाने एवढे मृत्यू झाले नव्हते, आणि लकव्याने गेलेल्यांपैकी शंभरातले ८७ घरीच गेले. नंदुरबारमध्ये असंच शोधलं तर काय दिसेल, याचा अंदाज बांधण्याऐवजी ते शोधलं जावं.

पुढची प्रकरणं कुठूनही वाचायला घ्यावीत. आशाताईंनी रक्तदाबाचं आणि सिकलसेलचं प्रकरण आधी वाचावं, नातेवाइकांनी स्टेंटचं. रुग्णाला घरी सोडताना कागद लिहिणाऱ्या डॉक्टरांना एकच विनंती आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र तीन महिन्यांपलीकडे चालू राहिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढत जातो. पाड्यावर मात्र कुणी दोन्ही गोळ्या वर्षानुवर्षं घेत राहतं, तर कुणी तीन महिन्यांनी दोन्ही बंद करून टाकतं. तेव्हा कागदावर औषधांच्या नावांखाली मोठ्या मराठी अक्षरांत लिहा: कोणती गोळी कोणत्या तारखेला बंद करायची, कोणती जन्मभर घ्यायची, रक्तदाब कितीच्या खाली हवा आणि सिकलसेलची तपासणी झाली की नाही. तो कागद आशाताईंना दाखवायला सांगा, म्हणजे त्या तारखेला त्या घरी जातील.